माणचा ढवळ्या

महाराष्ट्रात माण नावाची ठिकाणे दोन आहेत, आणि त्या दोहोंच्या गोंधळातूनच या हकिकतीला आरंभ झाला.

पहिले माण साताऱ्याकडचे. तो नुसता गाव नव्हे, अख्खा तालुका. दहिवडी-म्हसवडचा, माणगंगेच्या काठचा, पावसाने कायम पाठ फिरवलेला. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली आलेली ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली असेल, त्यांना माणदेशातल्या धनगरांची ओळख मी करून द्यायला नको. दुसरे माण मुळशी तालुक्यातले, पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीला अगदी खेटून. ते माझे आजोळ.

माझ्या लहानपणी चिंचवडहून माणला जायचे म्हणजे अर्धा रस्ता एस.टी.ने आणि उरलेला मामांच्या बैलगाडीतून. वाटेवर दोन्ही अंगांना भाताची खाचरे. दिवाळीच्या सुटीत भात कापणीला आलेले असे, आणि आंबेमोहोराचा वास गाडीच्या पुढे पुढे चाललेला असे. पुढे हिंजवडीत एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले. त्याचे टप्पे वाढत वाढत तिसरा टप्पा माणच्या शिवारात आला. शिवाजीनगरकडे जाणाऱ्या तेवीस किलोमीटरच्या मेट्रोचा डेपोही माणच्याच जमिनीवर झाला. आता डांगे चौक, वाकड आणि हिंजवडीचा शिवाजी चौक असे तीन वेढे ओलांडून माणला पोहोचायचे. अंतर पंधरा-सोळा किलोमीटरच आहे, पण संध्याकाळी कचेऱ्या सुटायच्या वेळी निघालात, तर बैलगाडी बरी होती असे वाटल्याखेरीज राहत नाही.

माझे मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षे पाळी केली आणि पाळी सुटली की शेत केले. जमीन टप्प्याटप्प्याने गेली. काही संपादनात, काही मुलींच्या लग्नांत, काही नुसत्याच मोहात, असे मामा स्वतःच सांगतात. राहिली ती तीस गुंठे. एक विहीर, एक गोठा, दोन आंबे आणि अकरा शेळ्या. तिन्ही बाजूंना उंच इमारती उठल्या आहेत. दुपारी तीननंतर मामांच्या शेतावर ऊन येत नाही. मनोऱ्यांची सावली येते.

या तीस गुंठ्यांचा राखणदार म्हणजे ढवळ्या.

*

कुत्र्याला बैलाचे नाव कसे, असे कुणीही विचारील. त्याचे असे झाले. दिवाळी सरली आणि भात निघाले की माणदेशातले धनगर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे उतरतात. तिकडे चारा संपत आलेला असतो आणि इकडे खाचरांत धसकटे आणि बांधांवर गवत उभे असते. शेतकरी त्यांना आनंदाने बोलावतो, कारण शेतात मेंढरे बसवली की लेंडीखताने जमीन तरारते. दोन-तीन घोड्यांवर बिऱ्हाड, त्या बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, मागे पायी चालणाऱ्या बायका आणि भोवती कुत्री. रात्री वाघर, म्हणजे जाळे, उभे करून त्यात मेंढरे कोंडायची आणि बाहेर कुत्री सोडायची, की झाला वाडा.

२०१४ च्या कार्तिकात असाच एक वाडा मामांच्या शेतात उतरला. मीही त्या दिवशी तिथे होतो. वाड्यातल्या म्हाताऱ्याला मी सहज विचारले, “कुठले तुम्ही, बाबा?”

“माणचं.”

“अहो, माणचे तर आम्ही!” मामा म्हणाले.

म्हाताऱ्याने मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “तुमी माणचं म्हनताय, तर मग आमी कुठलं म्हनायचं?”

यावर जो हशा पिकला, त्यातून दोघांची गट्टी जमली. वाडा आठ दिवसांचा अठरा दिवस राहिला. त्याच वर्षी मामांनी आपला शेवटचा बैल विकला होता. त्याचे नाव ढवळ्या. गोठा रिकामा पडला होता आणि मामींना तिकडे पाहवत नव्हते. वाडा उठायच्या आदल्या दिवशी म्हातारा एक तीन महिन्यांचे पिल्लू घेऊन आला. पांढरेशुभ्र, कान लोंबते, पंजे अंगाच्या मानाने भलतेच मोठे. मागे दोरीने एक लंगडी मेंढीही ओढत आणली होती.

“मेंढीचं पैसं द्या,” तो म्हणाला. “कुत्र्याचं नगंत. पर दोघांस्नी येगळं करू नगा. हे हिच्याच पोटाशी निजतंय. घरात घ्यायचं न्हाई, मांडीवर खेळवायचं न्हाई. जनावरातच वाढू द्या. मंग बगा.”

मामींनी पिल्लू गोठ्यात, बैलाच्याच जागी बांधले आणि बैलाच्याच नावाने हाक मारली. दुसऱ्या दिवशी पहाटे वाडा हलला. घोड्यांच्या घुंगरांचा आवाज ऐकून पिल्लू दोरीला ताण देऊन उभे राहिले आणि केविलवाणे केकाटले. मेंढी मात्र बसूनच राहिली. थोड्या वेळाने ते माघारी आले आणि तिच्या पोटाशी मुटकुळे करून पडले.

म्हाताऱ्याने मेंढी का दिली, हे मला पुष्कळ दिवसांनी उमगले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये व्हॅरो नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याने ऐंशीच्या वयात शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात एक गोष्ट आहे. एकाने दूरच्या प्रांतातून मेंढरांचे कळप विकत घेतले. सौद्यात कुत्री आली, पण धनगर नव्हते. धनगरांनी कळप पोहोचवायचा आणि परत फिरायचे, असे ठरले होते. ते परतले. पण काही दिवसांतच ती कुत्री, कित्येक दिवसांची वाट असताना, रानात मिळेल ते खाऊन आपल्या माणसांकडे परत गेली. आमच्या माणदेशी म्हाताऱ्याने व्हॅरो वाचलेला नव्हता. पण कुत्र्याचा जीव माणसात गुंतला तर ते माणसामागे जाणार आणि जनावरात गुंतला तर जनावराजवळ राहणार, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

*

वाचकांनी परदेशी चित्रांत मेंढरे वळवणारी कुत्री पाहिली असतील. मालक शिट्टी मारतो, कुत्रे वाऱ्यासारखे धावते आणि कळप एकत्र आणते. ढवळ्या त्यांतला नव्हे. त्याने जन्मात एकही शेळी वळवली नाही. मुधोळची किंवा कारवानी कुत्री शिकारीची. ढवळ्या त्यांतलाही नव्हे. त्याचे काम फक्त असणे.

सकाळी दहाला शेळ्या सुटतात आणि ओढ्याच्या काठाने, मोकळ्या पडलेल्या प्लॉटांवर चरतात. ढवळ्या आधी पुढे जातो, सगळी हद्द हुंगून येतो, जागोजाग आपली खूण सोडतो आणि मग एखाद्या उंचवट्यावर जाऊन निजतो. पाहणाऱ्याला वाटावे, कुत्रे आळशी आहे. पण अनोळखी माणूस, भटके कुत्रे, कोल्हा असे काही हद्दीत आले, की तो उठून शेळ्यांच्या आणि त्याच्या मधोमध जाऊन उभा राहतो आणि भुंकतो. अंगावर जात नाही. मधे उभे राहणे हीच त्याची सारी विद्या. शेळी वीत असली तर तो दहा पावले दूर पाठमोरा बसतो आणि कावळ्यांना जवळ येऊ देत नाही. संध्याकाळी शेळ्या आत घेतल्या की दारात उभा राहून एकेकीला हुंगतो. एखादी मागे राहिली तर आत जातच नाही. मामींना बोटे मोडून मोजावे लागते. याला लागत नाही.

ही विद्या शिकवून येत नाही. पिल्लू वयाच्या पहिल्या काही आठवड्यांत ज्यांच्या उबेत वाढते, त्यांनाच ते जन्मभर आपले गोत समजते. जगभर याच गोष्टीचा उपयोग करून घेतला आहे. आफ्रिकेत नामिबियाचे शेतकरी शेळ्या-मेंढ्या मारतो म्हणून चित्त्याला गोळ्या घालीत. तिथल्या चित्ता-रक्षण संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्कस्तानी जातीची राखणीची कुत्री द्यायला सुरुवात केली. कळप वाचले आणि त्यामुळे चित्तेही वाचले. ऑस्ट्रेलियात वॉर्नाम्बूल गावाजवळच्या एका बेटावर चिमुकले पेंग्विन राहतात. ओहोटीच्या वेळी कोल्हे तिथे चालत जाऊन त्यांचा फडशा पाडीत. शेवटी दहासुद्धा पेंग्विन दिसेनात. २००६ साली तिथे इटालियन मारेम्मा कुत्री राखणीला ठेवली आणि पेंग्विन पुन्हा वाढू लागले. मेंढरे असोत की पेंग्विन, कुत्र्याला फरक पडत नाही. एकदा आपले म्हटले की आपले.

रोमनांपैकीच कोलुमेला नावाच्या आणखी एकाने लिहून ठेवले आहे, की धनगराचे कुत्रे पांढरे असावे, म्हणजे अंधुक उजेडात लांडगा समजून त्याच्यावरच घाव पडत नाही. हे वाचून मी मामांना मोठ्या कौतुकाने सांगितले. मामा म्हणाले, “त्यात काय? काळं कुत्रं रातच्याला दिसतं व्हय?”

*

राखणदाराची परीक्षा मात्र दिसत नाही अशाच रात्री होते. २०२१ च्या डिसेंबरातली ती रात्र. घोटावड्याच्या बाजूचे डोंगर आणि मधली उसाची शेते यांमुळे बिबट्या या भागाला नवा नाही. बिबट्याच्या दृष्टीने कुत्रे हे राखणदार नसून भोजन असते, हे लक्षात ठेवले पाहिजे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात अभ्यास केला, तेव्हा तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबाने, सुमारे एकोणचाळीस टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला. शेळ्यांचा वाटा त्याच्या कितीतरी खाली.

मामांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण अनुभव होता. त्यांनी लोहाराकडून खिळ्यांचा पट्टा करवून घेतला होता; बिबट्या मानेलाच धरतो, म्हणून. त्या रात्री एकच्या सुमाराला ढवळ्याचे भुंकणे नेहमीसारखे राहिले नाही. ते खाली उतरले, घशात गेले. मामा काठी आणि विजेरी घेऊन बाहेर आले. गोठ्याच्या कुडावर काहीतरी सावलीसारखे होते आणि ढवळ्या कुडाला पाठ लावून उभा होता. शेळ्या त्याच्या मागे एकमेकींवर चढलेल्या. मामांनी आरोळी ठोकली, शेजारच्या इमारतीच्या बांधकामावरचे मजूर जागे झाले, त्यांनी पत्रे बडवले. सावली उतरून ओढ्याकडे गेली. सकाळी वनखात्याच्या माणसाने ठसे पाहून बिबट्याच तो, असे सांगितले. अकराही शेळ्या शाबूत होत्या. ढवळ्याचा डावा कान उभा फाटला होता आणि पट्ट्याचे दोन खिळे वाकले होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी कानाला टाके घातले, इंजेक्शने दिली. मामी सात दिवस त्याला हळद-दूध पाजत होत्या. आठव्या दिवशी त्याने दूध नाकारले आणि तो शेळ्यांमागे चालता झाला.

*

पण बिबट्यापुढे उभे राहिलेला हा गडी एका अर्जापुढे हरला असता.

२०२३ साली पलीकडच्या मनोऱ्यात माणसे राहायला आली. दूरदूरच्या गावांहून नोकरीसाठी आलेली, बहुतेक तरुण, चांगली माणसे. कर्ज काढून घेतलेले घर आणि रात्रभर कुत्र्याचे भुंकणे! त्यांच्यापैकी तिघे मामांकडे आले. एकीचे बाळ दोन महिन्यांचे होते. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती. ती भांडली नाही, रडली. मामांना भांडण चालले असते. रडणे चालले नाही.

मामांनी मला फोन केला. “भाच्या, याला थोडे दिवस तुझ्याकडे ने.”

मी उत्साहाने नेले. माझ्या मनात असे, की बिचाऱ्याला म्हातारपणी दोन घास सुखाचे मिळतील, गादी मिळेल. चिंचवडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ढवळ्याने पाऊल टाकले आणि गादीकडे ढुंकूनही न पाहता तो उंबऱ्यात, बाहेर तोंड करून बसला. दोन दिवस अन्नाला शिवला नाही. संध्याकाळचे सहा वाजले, शेळ्या आत घ्यायची वेळ झाली, की उठून दारापाशी येरझाऱ्या घाली.

तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठलो. ढवळ्या नातीच्या पलंगापाशी उभा होता. तिला हुंगून तो सुनेच्या दारापाशी गेला, मग आमच्या सौभाग्यवतींपाशी, मग मला हुंगले आणि पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसला. निजला मात्र नाही. रात्री अडीचला माझा मुलगा पाळीवरून आला. त्याची कचेरी माणलाच, मामांच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. ढवळ्याने त्याला नखशिखांत हुंगले, एक दीर्घ उसासा टाकला आणि लगेच डोळे मिटले. पाच जणांची मोजणी पुरी झाली होती.

वाचकहो, माझा मुलगा चार वर्षे त्या वेळी घरी येत होता. तो येईपर्यंत सुरुवातीला आम्ही जागत असू. पुढे किल्ली दिली आणि निजू लागलो. तो कधी येतो, जेवतो की नाही, हे सकाळच्या खरकट्या ताटावरून ओळखायचे. दाराला दोन कुलपे, खाली पहारेकरी, जिन्यात कॅमेरे. राखणीची कसलीच उणीव नव्हती. फक्त कुणी मोजत नव्हते. दुसऱ्या रात्री सौभाग्यवती ढवळ्याशेजारी जागत बसलेल्या मला दिसल्या. “मुकं जनावर बसतं, मग मला काय झालं?” एवढेच त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी मामांचा फोन आला. शेळ्या धड चरत नव्हत्या. मामा-मामींना झोप नव्हती. मी ढवळ्याला परत नेले. गाडीचे दार उघडताच तो आमच्याकडे न पाहता गोठ्यात गेला आणि एकेक शेळी हुंगू लागला.

*

राहिला प्रश्न भुंकण्याचा. त्या रात्री मी आणि मुलगा मामांकडेच राहिलो, आणि उलगडा आपोआप झाला. मनोऱ्याच्या कुंपणावर एक भला मोठा दिवा बसवला होता. त्याचा झोत थेट गोठ्याच्या अंगणात येई, आणि कुंपणाआडून फिरणाऱ्या प्रत्येकाची दहा हात लांब सावली शेळ्यांच्या अंगावर पडे. ढवळ्या रात्रभर सावल्यांवर भुंकत होता. त्याच्या दृष्टीने रोज रात्री शंभर बिबटे येत होते.

मुलगा दुसऱ्या दिवशी त्या मंडळींना भेटला. मामांनी ढवळ्याचे दरवर्षीच्या रेबीजच्या लसीचे कार्ड दाखवले, त्याचा फाटका कान दाखवला आणि गोठ्याचे तोंड फिरवून घेण्याचे कबूल केले. त्यांनी दिव्याची मान खाली वळवली. भुंकणे अर्ध्याहून खाली आले. अजिबात बंद झाले असे मी म्हणणार नाही. भुंकणे हेच त्याचे कुंपण आहे. पण ती बाळाची आई आता रविवारी बाळाला कडेवर घेऊन करडे दाखवायला येते. ढवळ्या बाळाला हुंगतो. मला वाटते, त्याने त्यालाही मोजणीत धरले असावे.

गेल्या वर्षीच्या वसुबारसेला आम्ही सगळे माणला होतो. गाय नाही म्हणून मामी शेळीलाच ओवाळतात. “दूध हीच देते ना?” असे त्यांचे साधे म्हणणे. मी त्यांना सांगितले, की नेपाळात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याला गंध लावून झेंडूची माळ घालतात. मामींनी क्षणभर विचार केला आणि तबक ढवळ्यापुढे धरले. त्याला कुंकू आवडले नाही. करंजी आवडली.

जेवणे झाल्यावर मामेभावाने जमिनीचा विषय काढला. भाव चांगला येतो आहे. मुलाचे शिक्षण आहे. त्याचेही खोटे नाही. मामा पुष्कळ वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ढवळ्या हाय तवर न्हाई. त्याला राखायला काय तरी पायजे का नगं?”

त्यावर कुणी काही बोलले नाही. ढवळ्याला आता अकरा वर्षे उलटली आहेत. त्याची मागची टांग आखडते, उंचवट्यावर चढताना तो दोनदा थांबतो. या जातीचे कुत्रे बारा-तेरा वर्षे जगले तर पुष्कळ. तीस गुंठ्यांचे आयुष्य एका कुत्र्याच्या आयुष्याला बांधलेले आहे, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक नाही. माणदेशातल्या त्या म्हाताऱ्याचा वाडा २०१९ नंतर इकडे आला नाही. मेंढरे बसवायला शेत आणि आणायला वाट, दोन्ही उरली नाहीत. पण दर दिवाळीला त्याचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला. “कुत्रं कसं हाय?” मामा सांगतात, “बरं हाय. तुमच्या माणचं हाय, टिकंल.”

त्या संध्याकाळी आम्ही निघालो. ढवळ्या आमच्याबरोबर बांधापर्यंत आला आणि थांबला. नातीने त्याला पुष्कळ हाका मारल्या. त्याने शेपूट हलवली, पण बांध ओलांडला नाही. शेळ्या आत घ्यायची वेळ झाली होती. आम्ही रस्त्याला लागेपर्यंत तो तिथे उभा होता. मग वळला आणि लंगडत लंगडत मोजणीला गेला.